वडाप की महालक्ष्मी?

उसाचं बिल बँकेत जमा झालं की कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ट्रॅव्हल एजंटांकडं खुर्च्या कमी पडायला लागतात. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये आटोपणार, मे महिन्यात परदेश. थायलंड, व्हिएतनाम, बाली. हात जरा मोकळा असेल तर जपान नाहीतर ऑस्ट्रेलिया. मुंबईहून जाण्या-येण्याचं तिकीट निघतं, चहा येतो, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "आणि आतली विमानं? ती आत्ताच काढायची, का तिकडं गेल्यावर बघायचं?"

आतली विमानं म्हणजे त्या देशातल्या देशात फिरायची. बँकॉकहून क्राबी, हनोईहून दा नांग, सिडनीहून मेलबर्न. नात्यात आणि मित्रांत दौरे ठरवून द्यायची खोड मला बरीच वर्षं आहे. सुरुवातीला मी छातीठोकपणे "आत्ताच काढा, पुढं महाग होतं" म्हणायचो. मग एकदा हात पोळला (ते पुढं सांगतो), तेव्हापासून काही काळ "अजिबात काढू नका" म्हणायला लागलो. आता दोन्ही सल्ले मला अर्धवट वाटतात, कारण दोन्हीत फक्त पैशाचा विचार आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला लांब जावं लागत नाही. कागलला जायचं असेल तर कुणी आधी तिकीट काढतं का? स्टँडवर यायचं, एसटी दिसली तर एसटी, नाहीतर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. एक वडाप भरून गेलं तर दुसरं उभंच असतं. मुंबईला रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचं असेल तर मात्र आपण दोन महिने आधी तारीख धरून बसतो, कारण ती चुकली की सकाळचं काम गेलं. परदेशातलं प्रत्येक आतलं विमान यातलं एक असतं, वडाप तरी किंवा महालक्ष्मी तरी. ते ओळखायचे दोन प्रश्न आहेत. हे चुकलं तर त्यानंतरचं किती वेळात मिळेल? आणि हे चुकलं तर त्याच्या मागं बांधलेलं काय काय सुटेल?

बँकॉक–फुकेत, हनोई–दा नांग, हनोई–हो ची मिन्ह, सिडनी–मेलबर्न या वाटांवर दिवसभर विमानं सुटत असतात आणि तीन-चार कंपन्या एकमेकींच्या मानेवर बसलेल्या असतात. ही वडापं. दोनच माणसं आहात, वेळेचं बंधन नाही, हॉटेल आदल्या दिवशीपर्यंत फुकट रद्द होतं, तर तिकीट आठ-दहा दिवस आधी काढलं तरी आभाळ कोसळत नाही. उलट एखादं गाव आवडलं तर दोन दिवस जास्त राहता येतं. आधी काढलेली स्वस्त तिकिटं बहुधा परत न होणारी असतात, आणि तारीख बदलायची म्हटलं तर दंड आणि फरक मिळून नव्या तिकिटाएवढीच रक्कम होते.

थायलंडमधलं कोह समुई मात्र वेगळं. तिथला विमानतळच बँकॉक एअरवेज या कंपनीच्या मालकीचा आहे. तिथं स्पर्धा जेमतेम, भाव चढा, आणि शेवटच्या घटकेला तो खाली येईल ही आशा धरू नये. समुईला जायचं ठरलं की लगेच तिकीट काढावं, नाहीतर सुरत थानीपर्यंत स्वस्त विमान आणि पुढं बोट असा द्राविडी प्राणायाम करावा. बेटं, डोंगरातली छोटी धावपट्टी, दिवसातून एकच फेरी असलेलं गाव, या सगळ्या महालक्ष्मी. माणसं सहापेक्षा जास्त असतील तर वडापाच्या वाटेवरचं विमानसुद्धा महालक्ष्मीच समजावं, कारण एका विमानात शेवटच्या आठवड्यात आठ जागा रास्त भावात मिळत नाहीत.

आपल्या सुट्ट्या आपण पाहतो, त्यांच्या सुट्ट्या कुणी पाहत नाही. गोची इथंच होते. व्हिएतनाममध्ये ३० एप्रिल आणि १ मे अशी लागून सुट्टी असते आणि निम्मा देश समुद्राकडं निघतो. नेमकं तेव्हाच आपलं पोरगं परीक्षा संपवून बॅग भरत असतं. जपानमध्ये २९ एप्रिल ते ५ मे हा सुट्ट्यांचा पट्टा, त्याला ते गोल्डन वीक म्हणतात. त्या आठवड्यात आतलं विमान तर सोडाच, शिंकान्सेनमध्येसुद्धा एकत्र चार खुर्च्या मिळवताना घाम फुटतो. थायलंडचं नववर्ष, सोंगक्रान, १३ ते १५ एप्रिलला. तेव्हा बँकॉकमधली माणसं गावाकडं जातात, आपल्याकडं गणपतीला मुंबई रिकामी होते तशी. या तारखांना वडापवाली वाटही भरते. तेव्हा तिकीट आधीच काढायचं, त्यात घासाघीस नाही. शक्य असेल तर दौराच मेच्या दुसऱ्या आठवड्यात ढकलायचा, ते सगळ्यात स्वस्त.

बालीची गंमत आणखी निराळी. तिथले हिंदू आपल्यासारखंच शक मोजतात. त्यांच्या नव्या शकाचा पहिला दिवस म्हणजे न्येपी. तो मौनाचा दिवस असतो. दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, आणि विमानतळ चोवीस तास पूर्ण बंद. २०२६ साली न्येपी १९ मार्चला, म्हणजे बरोबर आपल्या गुढीपाडव्याला आला, शक १९४८ दोघांचाही. २०२५ मध्ये एका दिवसाचा फरक होता. पण दर वर्षी जुळेलच असं नाही; २०२४ मध्ये त्यांचा न्येपी ११ मार्चला झाला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. म्हणून मार्चमध्ये बालीला जाणाऱ्यानं कालनिर्णयच्या भरवशावर राहू नये, त्या वर्षीची न्येपीची तारीख पाहूनच आतलं आणि बाहेरचं तिकीट काढावं.

नेपाळला आपल्याकडून माणसं फार जातात, पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करायला. काठमांडू–पोखरा रस्त्यानं दोनशे किलोमीटर, पण सात-आठ तास हाडं खिळखिळी करतात. विमानानं पंचवीस मिनिटं. फेऱ्या भरपूर, म्हणजे वडाप. (जाताना उजवीकडची खिडकी मागा, हिमालय त्या बाजूला असतो.) पोखऱ्याहून जोमसोमचं विमान मात्र पक्की महालक्ष्मी, आणि तीही लहरी. काली गंडकीच्या दरीत ऊन चढलं की वारा इतका सुटतो की विमानं सकाळीच काय ती उडतात. ढग आले तर सकाळही जाते. हे तिकीट आधी काढाच, पण त्याच्या मागं एक मोकळा दिवस ठेवा, आणि मुक्तिनाथचं दर्शन दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नका. दुसरी गोष्ट, नेपाळमधल्या विमान कंपन्या नेपाळी माणूस, भारतीय माणूस आणि बाकीचे परदेशी यांना तीन वेगळे दर लावतात. आपल्याला आपल्या रुपयांतला दर मिळतो. संकेतस्थळावर राष्ट्रीयत्व निवडायचा रकाना चुकला, तर मुकाट्यानं डॉलरचा दर भरून बसाल.

आता माझा पोळलेला हात. आम्ही सात जण होतो. मुंबईहून बँकॉकला दुपारी उतरायचं आणि साडेतीन तासांनी क्राबीचं विमान. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, मीच काढलेली, स्वस्तात मिळाली म्हणून मीच फुशारकी मारलेली. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्यूआंग. आम्ही उतरलो सुवर्णभूमीला आणि क्राबीचं विमान होतं डॉन म्यूआंगवरून. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन्हींमध्ये फुकट बस असते हेही मी वाचलं होतं. पण मुंबईचं विमान तासभर उशिरा उतरलं, पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास गेला, सासूबाईंची बॅग पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आली, आणि बाहेर बँकॉकची संध्याकाळची वाहतूक. काउंटरवर पोचलो तेव्हा तिथली मुलगी पाटी उलटी करत होती. दुसऱ्या दिवशीची सात तिकिटं काउंटरच्या भावानं घेतली. क्राबीच्या हॉटेलची एक रात्र गेली, आगाऊ पैसे भरलेली बोटीची सफर गेली, आणि मेव्हणा बँकॉकच्या हॉटेलात रात्रभर माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

यात विमान कंपनीची काही चूक नव्हती. तिकिटं वेगळी असली की पहिल्या कंपनीनं उशीर केला तरी दुसरी तुमची वाट पाहत नाही, तिला तुम्ही कुठून येताय हेही माहीत नसतं. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असती तर पुढच्या विमानात बसवून द्यायची जबाबदारी त्यांची होती आणि बॅगही बहुधा थेट पुढं गेली असती. तेव्हापासून माझा नियम साधा आहे. ज्या दिवशी परदेशात उतरायचं त्या दिवशी वेगळ्या तिकिटावरचं आतलं विमान घ्यायचं नाही. पहिली रात्र उतरलेल्या गावात काढायची. परतीलाही तसंच, मुंबईच्या विमानाच्या आदल्या दिवशीच त्या गावात मुक्कामाला यायचं. एका रात्रीच्या हॉटेलाचे पैसे वाचवायला जाऊन सात तिकिटांचे घालवण्यात शहाणपण नाही.

एका शहराला दोन विमानतळ हा प्रकार बँकॉकपुरता नाही. टोकियोला हानेदा आणि नारिता, सोलला इंचॉन आणि गिम्पो. मेलबर्नचं स्वस्त तिकीट दिसलं तर ते तुल्लामरीनचं आहे की पन्नासएक किलोमीटर लांबच्या अव्हालॉनचं, ते पाहून घ्या. तीन अक्षरांचा कोड वाचायची सवय लावली की बरेच घोटाळे टळतात.

कधीकधी आतलं विमान लागतच नाही, आणि हे कुणी सांगत नाही. व्हिएतनाम पाहायचा तर लोक हनोईला जाऊन हनोईहूनच परत येतात आणि मधे उगाच दक्षिणेतून उत्तरेला एक विमान काढतात. त्यापेक्षा जाताना मुंबई–हनोई आणि येताना हो ची मिन्ह–मुंबई असं मल्टी-सिटी तिकीट मागा. देश वरून खाली एकदाच उतरायचा, परत वर चढायचं नाही. थायलंडमध्ये फक्त समुद्रच पाहायचा असेल तर मुंबईहून फुकेतला थेट विमान मिळतं, बँकॉकला टेकायची गरज नाही. श्रीलंकेत तर रेल्वेच बरी. कँडीहून एलाकडं चहाच्या मळ्यांतून जाणारी गाडी सोडून विमानात बसणाऱ्या माणसाला सोबत नेऊ नये.

आधी काढायचंच ठरलं तर काही बारकावे. सात जणांचा शोध एकदम घेऊ नका. विमानातल्या जागा दरांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त कप्प्यात चारच जागा उरल्या असतील आणि तुम्ही सात मागितल्या, तर यंत्रणा सातही जागा वरच्या कप्प्यातून देते. आधी एका माणसाचा भाव पाहा, मग सातांचा. फरक दिसला तर कुटुंबागणिक तिकिटं तोडा. लहान मूल मात्र आई किंवा बापाच्याच तिकिटात ठेवा.

नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच टाकायचं. आपल्याकडं पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि 'संगीता रामचंद्र' असं नाव-वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. परदेशी संकेतस्थळ तीन रकाने देतं, मग कुणी रामचंद्र गाळतो, कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी लग्नानंतरचं नाव टाकतो जे पासपोर्टवर अजून आलेलंच नाही. नाव दुरुस्त करायला स्वस्त कंपन्या चांगले पैसे लावतात, काही तर सरळ नवं तिकीट काढायला सांगतात. आणि मोबाइल-ईमेल स्वतःचाच द्या. एजंट सवयीनं त्याचा टाकतो. स्वस्त कंपन्या महिना-दोन महिने आधी वेळ बदलतात, सकाळी नऊचं विमान दुपारी दोनला करतात, आणि तो निरोप एजंटाच्या पेटीत शेकडो मेलांखाली पडून राहतो.

पैसे भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, तो मुळात बंद असतो. काम झालं की लगेच बंद करा, कारण परदेशी संकेतस्थळं बऱ्याचदा ओटीपी न विचारताच पैसे ओढतात. "रुपयांत भरणार का?" असं विचारलं तर नको म्हणा, तो भाव त्यांनी ठरवलेला असतो. व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं कुठलंच तिकीट काढू नये हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी काढतंच.

आणि वजन. मुंबईहून निघताना तुम्हाला वीस किंवा तीस किलो मिळालेले असतात, तेवढेच आतल्या विमानातही मिळतील असं आपण धरून चालतो. स्वस्त कंपन्यांच्या साध्या तिकिटात बहुधा फक्त हातातली सात किलोची पिशवी असते. खालच्या बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरले तर थोडक्यात भागतं, काउंटरवर भरले तर दातखिळी बसते. दा नांगला आमची पिशवी तराजूवर नऊ किलो चारशे ग्रॅम भरली. उघडली तर तळाशी कांदा-लसूण मसाल्याचे दोन पुडे, जयसिंगपूरचं भडंग, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. मसाला माझ्या जॅकेटच्या दोन खिशांत गेला, भडंग तिथंच उभ्या उभ्या रांगेतल्या सगळ्यांना वाटलं. पुढच्या तपासणीत लोणचं गेलं, कारण तेलातलं लोणचं त्यांच्या लेखी द्रव पदार्थ. बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकताना त्या शिपायानं झाकण उघडून एकदा वास घेतला, एवढंच समाधान. पॉवर बँकेचं उलट. ती खालच्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची. ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना फॉर्मवर लिहा, लपवू नका.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांना हे सगळं गणित लागू नाही. तिकडचा मुलगा किंवा जावई म्हणतो, न्यूयॉर्कपर्यंत तुम्ही या, पुढचं स्वस्त विमान मी काढून ठेवतो. ऐकू नका. अमेरिकेत पहिल्यांदा जिथं उतराल तिथं पासपोर्टची रांग, बॅगा उचलून कस्टम, मग बॅगा पुन्हा द्यायच्या. हे एका तिकिटावर असलं तरी करावं लागतं, पण तेव्हा बॅग बाहेर आल्या आल्या पुढच्या पट्ट्यावर टाकली की सुटलो. वेगळ्या तिकिटावर असेल तर टर्मिनल शोधा, पुन्हा रांग, आणि मुंबईहून फुकट आणलेल्या दोन्ही बॅगांचे वेगळे डॉलर. शिवाय ते विमान जेएफकेवरून आहे, लाग्वार्डियावरून की पलीकडं न्यू जर्सीतल्या नेवार्कवरून, हा घोळ साठीतल्या माणसानं रात्रभर जागून का करायचा? मुंबई ते शेवटचं गाव एकच तिकीट काढा, मधे किमान तीन तास ठेवा, आणि व्हीलचेअर तिकिटावरच मागून घ्या, चालता येत असलं तरी. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची पासपोर्ट तपासणी तिथंच होते आणि न्यूयॉर्कला आतल्या विमानाच्या प्रवाशासारखं उतरता येतं. म्हाताऱ्या माणसांना ही वाट मला बरी वाटते. मुलांनी काही चुकून काढलंच तर अमेरिकेतला एक नियम उपयोगी पडतो. विमान सात दिवस किंवा त्याहून पुढं असेल आणि तिकीट थेट कंपनीकडून काढलं असेल, तर चोवीस तासांत फुकट रद्द करता येतं किंवा तेवढा वेळ त्या भावात राखून ठेवता येतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते आपल्या घरच्या आतल्या विमानाकडं. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ पासूनचा, राजाराम महाराजांच्या काळातला, मार्च २०२४ मध्ये त्याला देखणं नवं टर्मिनलही मिळालं. पण मुंबईची फेरी किती वाजता आणि कुठल्या वारी हे बदलत आलेलं आहे. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रक पालटतं, तेव्हा जानेवारीत पाहिलेली वेळ मेमध्ये तीच असेल असं धरू नका. मुंबईत उतरल्यावर टर्मिनल एक आणि दोन यांच्यात चार-पाच किलोमीटर आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचंही ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, म्हणजे मुंबईलाही आता बँकॉकसारखं झालं. आपलं विमान कुठून हे तिकिटावर वाचूनच टॅक्सीत बसायचं. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी पंचगंगा विसरू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुण्याचा हायवे बंद पडला. जुलै-ऑगस्टचं आंतरराष्ट्रीय विमान असेल तर एक दिवस आधीच मुंबईत पोचलेलं बरं, मावशीकडं राहायचा तेवढाच बहाणा.

परतीचं विमान संध्याकाळी पाचला मुंबईत उतरणार म्हणून त्याच रात्रीची महालक्ष्मी धरायला जाऊ नका. पासपोर्ट, बॅगा आणि विमानतळावरून सीएसएमटीपर्यंतचा रस्ता, तीन तासांत जमलं तर जमलं. दुसऱ्या दिवसाची धरा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच उघडतं. म्हणजे हनोईचं, दा नांगचं, हो ची मिन्हचं तिकीट जानेवारीत निघालेलं असतं, आणि घरी यायचं तिकीट काढायला मार्चमधल्या कुठल्यातरी सकाळी आठ वाजता फोन हातात घेऊन बसायचं असतं. ती तारीख आत्ताच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं खुणावून ठेवा.